विहिरीचं पाणी आणि लेन्सची डबी

प्रश्न : मी निपाणीजवळच्या खेड्यातली, वय 20. बेळगावात हॉस्टेलवर राहून शिकते. नंबर उणे साडेचार. महिनाभर चालणाऱ्या सॉफ्ट लेन्स लावते. शनिवारी गावी येताना सोल्यूशनची बाटली हमखास विसरते. मग आई विहिरीचं पाणी उकळून गार करून देते, त्यात लेन्स ठेवते. अजून त्रास झालेला नाही. हे चालेल का? की रोजच्या लेन्स घेऊ?

उत्तर : नाही चालणार, बाळ. उकळलेलं असलं तरी नाही. साध्या पाण्यात सॉफ्ट लेन्स फुगते आणि बुबुळाला घट्ट चिकटते. शिवाय पाणी गार होईपर्यंत त्याला भांडं लागतं, हात लागतो. विहिरीच्या, टाकीच्या, नळाच्याही पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. खानापूरकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. तोही लेन्स पाण्यात ठेवायचा. डोळा थोडासाच लाल, पण दुखणं असं की रात्रभर झोप नाही. सुरुवातीला दिवसरात्र तासातासाला थेंब, मग कित्येक महिने औषध. बुबुळावरचा डाग राहिलाच. त्याची आई बाकावर बसून रडायची, ते मला अजून आठवतं. म्हणून इतकं निक्षून सांगते.

तू आठवड्यातून दोन-तीनदाच लेन्स लावत असशील तर रोजच्या घे. सकाळी नवी, संध्याकाळी टाकून द्यायची. डबी नाही, सोल्यूशन नाही. रोज लावत असशील तर महिन्याच्या स्वस्त पडतात, पण महिना पाकीट फोडल्या दिवसापासून मोजायचा, किती वेळा लावल्या त्यावरून नाही. काढल्यावर तळहातावर सोल्यूशन घालून बोटाने हलकेच चोळायची. डबीतलं जुनं सोल्यूशन ओतून द्यायचं; त्यातच नवं भरायचं नाही. डबी तीन महिन्यांनी बदलायची. लेन्स लावून झोपायचं नाही, अंघोळही नाही.

तुमच्या भागात घरोघरी तंबाखूचं काम. ती पूड बोटांच्या रेषांत बसते. साबणाने हात धुऊन, कोरडे पुसून मगच लेन्सला हात लाव. आणि गावी येताना चष्मा आण. शनिवार-रविवार डोळ्यांनाही सुट्टी.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढ. मेडिकलमधून थेंब आणून घालू नकोस, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लेन्स फेकू नकोस, डबीसकट सोबत ने. कोणता जंतू आहे ते त्यातूनही तपासता येतं.