टोळ्या निघायच्या आधी

प्रिय बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला. गावोगाव आरोग्याचं सांगायच्या नोकरीची ऑर्डर हातात पडली, एक तारखेला रुजू व्हायचंय, तालुका मिळाला तो पण ऊसतोडीचा, आणि खाली विचारलंयस की ताई पहिल्या महिन्यात मी नेमकं करू काय. फोनवर सांगायला गेले असते तर अर्धं राहून गेलं असतं म्हणून लिहायलाच बसले, जरा लांबेल, सावकाश वाच.

ट्रेनिंगला तुला फ्लिपचार्ट देतील, बॅनर देतील, पाठ करायला मेसेज देतील. घे सगळं, उपयोगी पडतं. पण बीड जिल्ह्यात २४ वर्षं हे काम केल्यावर मला एक गोष्ट पक्की कळलीये, लोकांना माहिती नाही म्हणून सगळं अडलंय असं फार कमी वेळा असतं. साबणाने हात धुवावेत हे आता कुणाला माहीत नाही? पण उन्हाळ्यात टँकर आठ दिवसांनी येतो, त्यातलं पाणी आधी प्यायला, मग जनावराला, मग भांड्यांना, आणि आपण त्या दारात उभं राहून सांगतो की नळ सोडून हात चोळून चोळून धुवा. बाई मान हलवते, आपण रजिस्टरला लिहितो "मार्गदर्शन केले". त्या घरात बसून तू आधी विचारलं असतंस की पाणी किती येतं, कोण भरतं, कुठे साठवतं, तर तूच म्हणाली असतीस की दोन वेळा तरी धुवा, बाळाला भरवायच्या आधी आणि संडासहून आल्यावर, एका तांब्यात दोघांचे होतात. ते ती करते. म्हणून आधी विचारत जा आणि त्या घरात आज जे करता येईल तेवढंच सांग, आजचं हे पत्र सगळं याच्याबद्दलच आहे खरं तर.

माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, पावसाळा, एका तांड्यावर पोरांना हगवण लागलेली. मी बायका गोळा केल्या, ओआरएसचं पाकीट दाखवलं, एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट, थोडं थोडं पाजत राहा, चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या, सगळं बरोबर सांगितलं. चौथ्या दिवशी त्यातल्याच एका बाईच्या घरी गेले तर ती पोराला पाजत होती, स्टीलचा छोटा पेला, त्यात अर्धं पाकीट ओतलेलं, उरलेल्या अर्ध्याचं तोंड दुमडून चिमट्याने बंद करून ठेवलेलं, अगदी निगुतीने. तिचं काय चुकलं? लहान पोर लिटरभर पाणी पिणार नाही हे तिला दिसत होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून तिने आपल्या हिशोबाने कमी केलं. पण एवढ्याशा पाण्यात एवढे क्षार गेले की बाळाच्या रक्तात मीठ वाढतं आणि ते जिवावर बेतू शकतं. पोर सुस्त पडलं होतं. जीप मिळवून ग्रामीण रुग्णालयात नेलं, वाचलं, पण ती जीपमधली पाऊण तासाची वाट मी आजही विसरले नाहीये. मी लिटर म्हटलं होतं आणि त्या घरात लिटर मोजायला काहीच नव्हतं, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून पिशवीत एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली असते माझ्या. घरात गेले की त्यांचाच तांब्या नाहीतर पातेलं मागायचं, बाटलीने पाणी मोजून ओतायचं, जिथपर्यंत आलं तिथे बाहेरून नेलपॉलिशची रेघ मारायची. मग पाकीट तिच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, तुम्ही करून दाखवा. हे वाक्य असंच म्हण. "समजलं का" विचारलंस तर सगळ्या हो म्हणतात, नाही म्हटलं की आपण अडाणी ठरू असं वाटतं त्यांना. करून दाखवा म्हटलं की परीक्षा आपली होते, तिची होत नाही. झिंकची गोळी पण तशीच, चमच्यात पाण्यात नाहीतर आईच्या दुधात विरघळवून, जुलाब थांबले तरी १४ दिवस, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अर्धी. तिसऱ्या दिवशी पोर खेळायला लागलं की गोळी बंद होते, म्हणून तिसऱ्या दिवशी आशाताईला, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्तीला, त्या घरात एक चक्कर मारायला सांग.

लोहाच्या गोळ्यांचं तर विचारूच नकोस. गरोदरपणात १८० गोळ्या, चौथ्या महिन्यापासून रोज एक, बाळंतपणानंतर परत १८०. सगळ्यांना वाटल्या जातात, रजिस्टरला सह्या असतात. एकदा एका सुनेने मला गुपचूप तांदळाचा डबा उघडून दाखवला, त्यात तळाशी सहा पाकिटं, एकही गोळी काढलेली नाही. ओरडले नाही मी, फक्त विचारलं, पहिली घेतली तेव्हा काय झालं? मग सगळं बाहेर आलं, मळमळलं, शौचाला काळं झालं, ती घाबरली, आणि सासूबाई म्हणाल्या गोळ्यांनी बाळ मोठं होतं मग सिझर करावं लागतं. आता यातलं काळं होणं हे गोळीमुळेच होतं, काळजीचं नाही, हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर निम्मी भीती गेली असती. मळमळ होत असेल तर रात्री जेवल्यावर घे, चहाबरोबर अजिबात नको, लिंबू पिळून घेतलंस तर चांगली लागू पडते, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. आणि मग बोलायचं ते सासूशी, सुनेशी नाही. सासूला बाजूला ठेवून काम करायला जाशील तर तू गेल्यावर त्या सुनेलाच ऐकून घ्यावं लागतं. मी त्या सासूबाईंना विचारलं, मावशी तुमच्या बाळंतपणात अंगावरून किती गेलं होतं? त्या अर्धा तास बोलल्या, दोन दिवस शुद्ध नव्हती म्हणे. मग म्हटलं, सुनेच्या अंगात रक्त कमी आहे, तसं तिच्यावर यायला नको म्हणून ह्या गोळ्या आहेत. दुसऱ्या दिवसापासून सासूच रात्री गोळी हातावर ठेवायला लागली.

आता तुझ्या तालुक्याचं. दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघायला लागतात, दिवाळीपर्यंत गावं रिकामी, म्हातारी माणसं आणि काही पोरं मागे. परत येतात ते मार्च-एप्रिलला. तुझं निम्मं काम सप्टेंबरातच करावं लागणार आहे, वर्षाचा प्लॅन तुला कुणी महिन्यानुसार बारा सारखे तुकडे करून दिला तर गप्प बसू नकोस, सांग की माणसंच नसतात तेव्हा बैठक कुणाची घेऊ. लसीचं कार्ड घरच्या ट्रंकेत राहतं, ते कपड्यांच्या गाठोड्यात जायला पाहिजे, आणि त्याचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये. कुणाला कितवा महिना आहे, कुठल्या कारखान्याला चाललीये, टोळी नेणारा मुकादम कोण, त्याचा नंबर, हे आशाताईंबरोबर बसून लिहून घे. गरोदर बाईला १०२ आणि इमर्जन्सीला १०८ हे दोन नंबर पाठ करून घे तिच्याकडून, राज्यात कुठेही लागतात.

आणि गर्भपिशवीचा विषय. यावर नीट लिहायचंय मला.

२०१९ ला बातम्या झाल्या, बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्यात, तरुण तरुण बायकांच्या, मग राज्य सरकारनं समिती नेमली, चौकशी झाली. पण हे का होतं ते समजायचं असेल तर एकदा फडावर, म्हणजे ऊस तोडतात तिथे, जाऊन राहा. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याजवळ तीन दिवस राहिलेय कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत. बाई पहाटे चारला उठते, भाकऱ्या थापते, पाच-साडेपाचला फडात, नवरा तोडतो ती मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला दोघांची एकच जोडी, आगाऊ घेतलेली उचल दोघांच्या नावावर, आणि खाडा झाला, कामाचा दिवस बुडाला, की पैसे कापतात. पाळी आली तरी तेच. संडास नाही, आडोसा नाही, कापड धुवायला पाणी नाही, ओलंच परत घ्यायचं. अंगावरून पांढरं जायला लागतं, कंबर दुखते, वास येतो, खाज येते. महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाही, आणि गावी आल्यावर खासगी दवाखान्यात जाते तेव्हा तिला कुणीतरी सांगतं, पिशवी खराब झालीये, कॅन्सर होईल. दोन-तीन लेकरं झालेली असतात, पाळीची कटकट जाईल, खाडे वाचतील, असा सगळा हिशोब ती करते आणि उचलीच्या पैशातून ऑपरेशन करून घेते. त्या कोपीत एकीनं मला सांगितलं, "ताई, पिशवीचा आता काय उपेग हाय मला, लेकरं झाली की." तिशीची पण नसेल ती.

तिला तू काय सांगणार? "पिशवी काढू नका" एवढंच सांगितलंस तर ती तुला विचारेल, मग हे पांढरं जायचं थांबणार कसं, आणि तिचं बरोबर आहे. म्हणून तिथून सुरुवात कर. पांढरं जाणं बऱ्याचदा जंतुसंसर्गाने होतं, तपासलं तर गोळ्यांनी बरं होतं, काही प्रकारांत नवऱ्याला पण औषध घ्यावं लागतं नाहीतर परत होतं. नवऱ्याशी हे बोलायला पुरुष आरोग्यसेवकाला बरोबर घे. पांढरं गेलं म्हणजे कॅन्सर असं नसतं, पण तिशीनंतर प्रत्येकीनं गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी एकदा करून घ्यावी, एक पातळ औषध लावून डोळ्यांनी बघतात, भूल लागत नाही, मोठं दुखत नाही. मशीन नाही, रक्त काढायचं नाही, हे आवर्जून सांग, कारण त्यालाच घाबरतात. आणि कमी वयात पिशवीबरोबर बीजकोष पण काढले तर काय होतं तेही लपवू नकोस, अंगातून वाफा निघतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि हाडं हीच तर तिची रोजी आहे. शेवटी तिला तीन प्रश्न तोंडपाठ करून दे जे ती कुठल्याही डॉक्टरला विचारेल: मला नेमका आजार काय झालाय, औषधाने बरं होईल का, आता नाही काढली तर काय होईल. आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. निर्णय तिचाच राहू दे. काही जणींना खरंच ऑपरेशन लागतं, त्यांना आपल्यामुळे उशीर व्हायला नको.

डॉक्टर राणी बंग यांचा एक अभ्यास आहे गडचिरोलीच्या दोन गावांतला, १९८९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ६५० बायका तपासल्या, त्यातल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तशी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते, कारण तोवर मी गावात कुटुंबनियोजन आणि लसीकरण याशिवाय बायकांना काही विचारलंच नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं.

अफवांचं थोडक्यात. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, ९ महिने ते १५ वर्षं, शाळाशाळांत, तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं आणि पालक पोरांना घरी ठेवायला लागले. आम्ही आधी पत्रकं वाटली, फरक पडला नाही. फरक पडला जेव्हा एका गावात सेविकेनं स्वतःच्या मुलीला सगळ्यांसमोर पहिली लस दिली आणि दुपारी ती पोरगी पारावर खेळताना सगळ्यांना दिसली. अफवेला हसू नकोस कधी, तिच्यामागे बहुतेक वेळा आपल्याच लोकांनी कधीतरी दिलेली वाईट वागणूक असते.

गर्दी जमवायची काळजी करू नकोस, सप्ताह असतोच प्रत्येक गावात. कीर्तनकार महाराजांना आधी भेट, पाच मिनिटं माग, देतात. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्या तोंडून यायचं, आपल्या कामाचं त्याहून चांगलं ट्रेनिंग मला माहीत नाही. बायकांची बैठक मात्र दुपारी दोन ते चार, त्याच्या आधी शेत असतं, नंतर चूल.

आशाताईंशी जप. गाव त्यांचं आहे, तू पाहुणी. त्यांच्या चुका गावासमोर काढू नकोस, त्यांच्या नावावरचं काम आपल्या रिपोर्टात घालू नकोस. कुठल्या बाईने तुला काही खाजगी सांगितलं तर ते वहीत नाव घालून लिहू नकोस, गावात वह्या वाचल्या जातात. आणि औषध स्वतःच्या मनाने देऊ नकोस, कितीही हात जोडले तरी.

रुजू व्हायच्या आधी दोन दिवस काढ, जामखेडला जाऊ. आरोळे डॉक्टर नवराबायकोनी १९७० ला तिथे काम सुरू केलं आणि शाळा न पाहिलेल्या बायकांना गावाच्या आरोग्याच्या कामाला उभं केलं. तिथल्या जुन्या कार्यकर्त्या बायकांशी तुला बोलता आलं तर बघू, त्या बोलायला लागल्या की तू मध्ये बोलू नकोस, ऐक.

शनिवारी सकाळची एसटी आहे, मी स्टँडवर थांबते. वही आण, आणि एक लिटरची रिकामी बाटली, नेलपॉलिश माझ्याकडे आहे.

तुझी,
ताई