धडगावच्या उपकेंद्रांसाठी सॅटेलाइट लिंक आणि सरकारी अनुदान: अर्जाआधी एक पावसाळा मोजा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवता. तुमच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी आठ महिन्यांपूर्वी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातली, नर्मदेच्या अंगाची चार आरोग्य उपकेंद्रं सॅटेलाइटने जोडायची, म्हणजे तिथल्या नर्सबाईंना जागेवरून डॉक्टरांशी बोलता येईल, असा तुमचा विचार आहे. ६० लाखांचा प्रस्ताव एका ठिकाणी पाठवलात, तो ‘व्याप्ती स्पष्ट नाही’ एवढाच शेरा घेऊन परत आला. आता अर्ज कुठे करू, असं विचारलंय.

मी भुसावळचा. बारा वर्षं बँकांच्या शाखांवर आणि एटीएमवर व्हीसॅट, म्हणजे छोट्या डिशची सॅटेलाइट टर्मिनल, बसवले. चोपड्यापासून अक्कलकुव्यापर्यंत सातपुड्याच्या कडेने फिरलोय. पुढे तीन सरकारी प्रस्तावांत काम केलं, एक नामंजूर झाला, दोन मंजूर झाले. त्यातून जे कळलं ते लिहितो.

तुमच्या प्रस्तावात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत, म्हणून तो परत आला असावा. चार डिश घ्यायच्या, बसवायच्या, तीन वर्षांचं बँडविड्थचं भाडं भरायचं, ही झाली खरेदी. संशोधनाचा निधी खरेदीला मिळत नाही. आणि उपकेंद्रात बसणारं जे नवं उपकरण तुमचे ते विद्यार्थी बनवू पाहताहेत, ते तुमच्या अर्जात सातव्या पानावर दोन ओळींत आलंय. तपासणाऱ्याला पहिल्या सहा पानांत फक्त बाजारात मिळणारी डिश दिसली.

खरेदीचा भाग जिल्ह्यातच मागा. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनेचं शीर्ष असतं, नंदुरबारला आदिवासी घटक कार्यक्रमाचा पैसा येतो, आणि हा जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. तिथे अर्ज तुमच्या कंपनीने करायचा नाही. मागणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडून गेली पाहिजे, तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला ती माहीत असली पाहिजे, आणि खरेदी त्यांच्या नियमाने होईल. तुमची कंपनी निविदेत उतरेल किंवा उतरणारही नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, उपकेंद्र जोडलं गेलं तर तुमच्या उपकरणाला घर मिळालं.

पुष्कळ जण डिजिटल भारत निधीचं नाव घेतात. पूर्वीचा युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड तो हाच, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने नाव बदललं. त्याचं काम दुर्गम भागात सेवा पोहोचवायचं आहे हे खरं, पण तो पैसा मुख्यतः परवानाधारक सेवा कंपन्यांना बोली लावून मिळतो. आठ महिन्यांच्या कंपनीने ‘आमच्या चार गावांना द्या’ असा अर्ज करायची ती जागा नाही. मात्र याच निधीतून १ ऑक्टोबर २०२२ ला टेलिकॉम टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड, म्हणजे टीटीडीएफ, सुरू झाला. वर्षाच्या जमेतले ५ टक्के संशोधनाला, आणि भर ग्रामीण भागाला लागणाऱ्या तंत्रज्ञानावर. स्टार्टअप, लघुउद्योग, शिक्षणसंस्था, संशोधन संस्था यांना एकत्र येऊन अर्ज करता येतो. तुमचं दार हे.

पण त्या दारात नेमकं काय घेऊन जायचं?

साक्रीकडच्या एक नर्सबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, ‘पानी पडनं की टावर जास.’ सॅटेलाइटलाही पाऊस बाधतो, हे तुम्ही शिकवता, मी सांगायला नको. पण तुमच्या अर्जात ‘९९.५ टक्के उपलब्धता’ असं लिहिलंय, तिथे मी थांबलो. वर्षाचे ८७६० तास धरले तर अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ४४ तास. बँकेच्या एटीएमला ते चालतं. आपल्याकडे मात्र ते ४४ तास वर्षभर सारखे पसरलेले नसतात. जून ते सप्टेंबरच्या मोठ्या सरींत ते गोळा होतात. त्याच दिवसांत घाटात दरड येते, नाल्याला पूर येतो, नर्मदेच्या फुगवट्यात बोट सोडायला नावाडी तयार नसतो, आणि साप चावल्याचे पेशंट येतात ते याच महिन्यांत. म्हणजे लिंक नेमकी तेव्हा जाते, जेव्हा डॉक्टरचा आवाज सोडून दुसरा आधार उरत नाही. तुमच्या प्रकल्पाचं खरं काम त्या ४४ तासांचं आहे, आणि हे वाक्य पहिल्या पानावर पाहिजे.

तिथून संशोधन आपोआप दिसायला लागतं. पाऊस वाढला की मोडेम स्वतःच मॉड्युलेशन खाली आणतो, म्हणजे सिग्नलमध्ये माहिती कमी भरतो, वेग उतरतो, मग व्हिडिओ अडकतो आणि ई-संजीवनीचा, म्हणजे सरकारच्या टेलिमेडिसिन सेवेचा, कॉल तुटतो. तुमच्या मुलांचा डबा, म्हणजे ते नवं उपकरण, त्याआधीच ओळखेल का, की एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलची ताकद) घसरतोय? व्हिडिओवरून आवाजावर, आवाजावरून मजकूर आणि फोटोवर स्वतः येईल का? पेशंटची नोंद जागेवर साठवून सर ओसरल्यावर पाठवेल का? मोबाइलचं एखादं टोक सापडलं तर तेही वापरेल का? हे कोणी तयार विकत असलं तरी धडगावच्या पावसावर घासून पाहिलेलं नाही. डिश कोणाचीही असू द्या.

आता मोजमाप. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.६१८ शिफारशीने पावसातला क्षय, म्हणजे सिग्नलची घट, गणिताने काढता येतो. वर्षातल्या ०.०१ टक्के वेळेत, म्हणजे साधारण ५३ मिनिटांत, पाऊस किती जोराचा होता त्यावर ते गणित उभं आहे. पण तो आकडा जगाच्या नकाशावरून घेतला तर शहाद्याच्या सपाटीत आणि तोरणमाळाच्या माथ्यावर एकच पाऊस धरल्यासारखा होतो. दोन्हीकडे पावसाळा काढलेल्या माणसाला ते पटणार नाही. म्हणून एक पावसाळा स्वतः मोजा. खर्च फार नाही. डीडी फ्री डिशची साधी डिश घ्या. ती जीसॅट-१५ कडे, ९३.५ अंश पूर्वेला पाहते. धडगावहून आग्नेयेकडे, क्षितिजापासून साधारण ५६ अंश वर. डीव्हीबी-एस२ चा, म्हणजे सॅटेलाइट टीव्हीचा सिग्नल पकडणारा, यूएसबी ट्यूनर लावा, दर मिनिटाला एसएनआर नोंदवा, शेजारी टिपिंग बकेटचा पर्जन्यमापक ठेवा. हे फक्त ग्रहण आहे, प्रक्षेपण नाही, त्यामुळे वायरलेस परवान्याच्या भानगडीत पडावं लागत नाही. ११-१२ गिगाहर्ट्झवर मोजलेल्या क्षयावरून १४ गिगाहर्ट्झच्या अपलिंकचा (वर उपग्रहाकडे जाणाऱ्या सिग्नलचा) अंदाज काढायची रीत तुम्हाला माहीत आहेच. दोन जागा घ्या, एक धडगाव गावात आणि एक काठाच्या उपकेंद्रावर. हे चार महिन्यांचे आलेख बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीकडे नाहीत आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेकडेही नाहीत. तुमच्याकडे असतील.

दरीचा प्रश्न तुम्ही विचारला होता, डोंगर आड येईल का? ७४ अंश पूर्वेच्या जीसॅट-११ सारखा उपग्रह धडगावहून जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला आणि सुमारे ६४ अंश उंच दिसतो. इतक्या उंच कोनात डोंगर क्वचितच आड येतो, दक्षिणेच्या कड्याला अगदी चिकटलेलं उपकेंद्र असेल तरच. उलट, स्टारलिंकसारखे खालच्या कक्षेतले उपग्रह आकाशभर फिरतात, त्यांच्या अँटेनाला रुंद मोकळं आकाश लागतं, आणि अरुंद दरीत ते मिळत नाही. हा मुद्दा अर्जात घाला, कारण ‘स्टारलिंक येतंय, मग तुमचं काय?’ हा प्रश्न समिती विचारणारच.

मला विचारला होता, फक्त नाव वेगळं होतं. आमचा पहिला प्रस्ताव रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात हवामान केंद्रं सॅटेलाइटने जोडायचा होता. २२ पानं लिहिली, त्यातली १८ उपग्रहाची. समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, ‘दोन वर्षांत तिथे मोबाइल टॉवर आला तर यातलं काय शिल्लक राहील?’ आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हतं. प्रस्ताव नामंजूर झाला आणि ते योग्यच होतं. केळीच्या पट्ट्यात नंतर नेटवर्क आलंही. तुमच्या तालुक्यातही येईल. केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केलेल्या ४जी सॅच्युरेशन योजनेत नेटवर्क नसलेली देशभरातली २४,६८० गावं धरली आहेत. तुमची चार त्यांत आहेत का, हे अर्जाआधी बघा. असतील तर लपवू नका. टॉवरचा बॅकहॉल, म्हणजे मुख्य नेटवर्कशी असलेली जोडणी, तुटल्यावर तुमचा डबा काय करतो, ते लिहा. लिंक कोणतीही असो, डबा शिल्लक राहतो, हे उत्तर आज तुमच्याकडे आहे.

बाकीची दारं. मुलांच्या हातात अजून चालणारा नमुना नसेल तर आधी निधी-प्रयास बघा. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना आहे, नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात, आणि अर्ज मान्यताप्राप्त इनक्युबेशन केंद्रामार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत, होतो. जळगावच्या विद्यापीठाच्या इनक्युबेशन केंद्रात एकदा जाऊन बसा, कोणतं केंद्र जवळचं ते तिथे कळेल. अहमदाबादच्या इन-स्पेसचा, म्हणजे खासगी अवकाश उद्योगासाठीच्या केंद्राच्या संस्थेचा, सीड फंड १ कोटीपर्यंत आहे, पण तो विषय जाहीर करून अर्ज मागवतो. तुमचा विषय नसेल तर ओढूनताणून बसवू नका. त्यांचाच ५०० कोटींचा टेक्नॉलॉजी ॲडॉप्शन फंड २०२५ मध्ये आला. त्यात स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत, प्रत्येक प्रकल्पाला कमाल २५ कोटी. उरलेले ४० टक्के स्वतःचे आणायचे असतात, म्हणून सध्या तो तुमच्यासाठी नाही. आणि तुम्हाला कॉलेजकडून फक्त पावसाच्या क्षयाचा अभ्यास करायचा असेल तर इस्रोचा रिस्पॉन्ड कार्यक्रम शिक्षणसंस्थांसाठीच आहे. माझ्या मते तुमच्या मोजणीतून तिथे एक स्वतंत्र, चांगला प्रस्ताव निघेल.

अर्जदार कोण? कंपनी आठ महिन्यांची, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब नाहीत. म्हणून कॉलेजने पुढे राहावं, कंपनीने सोबत. तुम्ही स्वतः कंपनीत भागीदार असाल तर कॉलेजचं ना-हरकत पत्र आजच मागा आणि अर्जात ते उघडपणे जोडा. डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप मान्यता आणि उद्यम नोंदणी नसेल तर ती घरबसल्या होते. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र मात्र वेळ खातं. त्या पत्रात ‘प्रकल्प स्तुत्य आहे’ एवढंच नको. कोणती चार उपकेंद्रं, जागा आणि वीज कोण देणार, अनुदान संपल्यावर बँडविड्थचं भाडं कोणत्या शीर्षातून जाणार, हे तिन्ही त्यात हवं. असं एक पत्र दहा शिफारशींना भारी.

अंदाजपत्रकात तीन गोष्टी सुटल्या आहेत. एक, वीज. टर्मिनल, मोडेम आणि राउटर मिळून ६० वॅट धरले तर चोवीस तासांचे १,४४० वॅट-तास होतात, तीन ढगाळ दिवसांचे सव्वाचार युनिटच्या आसपास. एवढी बॅटरी काठावर बोटीने न्यायची आहे. टर्मिनल दिवसाला सहा तास आणि तातडीच्या बटणावर चालू, असं ठरवलंत तर ती पावपट होते. दोन, अर्थिंग. सातपुड्यात हातभर माती आणि खाली काळा पाषाण. नेहमीचा खड्डा पुरत नाही, आणि तिथे वीज पडते. मी दोन मोडेम केवळ यामुळे जळालेले पाहिलेत. तीन, प्रवास. जीप, बोट आणि पायवाट वेगळी दाखवा, कारण एक बिघाड म्हणजे तिथे दोन दिवस.

शेवटचं हिशेबाचं, मंजुरीनंतरचं, पण आत्ताच डोक्यात ठेवा. आमच्या दुसऱ्या प्रकल्पात पुढचा हप्ता सात महिने अडकला, चूक आमचीच. पुरवठादाराला दिलेला ॲडव्हान्स आम्ही खर्च म्हणून दाखवला होता. उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ नमुन्यात, ॲडव्हान्स वेगळा लिहायचा असतो. अनुदानाच्या पैशावर बँकेत पडलेलं व्याजही सरकारचं, ते दाखवून परत करायचं. प्रकल्पासाठी वेगळं खातं ठेवा, पीएफएमएसवर (सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर) कॉलेजची नोंद आहे का ते लेखा विभागाला विचारा, आणि महिन्याच्या महिन्याला वहीत जुळवणी करा. सात महिने दोन मुलांचे पगार आम्ही खिशातून दिले, ती वेळ तुमच्यावर येऊ नये.

मोजणीचा सेटअप मेअखेर उभा पाहिजे, पहिली सर सुटली की ती परत येत नाही. एसएनआर नोंदवायचा प्रोग्राम माझ्याकडे आहे, तो देतो. चारही उपकेंद्रांचे अक्षांश-रेखांश आणि प्रत्येकाच्या छतावरून दक्षिणेकडे तोंड करून काढलेला एक फोटो इथे टाका. डिश कुठे बसेल आणि कुठे खांब लागेल ते बघून सांगतो.