घरचा कॅमेरा बाहेरून पाहायचा असेल तर

प्रश्न : माझे वृद्ध आई-वडील दिवसभर घरी एकटे असतात, म्हणून बैठकीच्या खोलीत नेटवर्क कॅमेरा बसवला आहे. घरातील वाय-फायवर असताना फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.२० हा पत्ता टाकला की चित्र व्यवस्थित दिसते, मात्र घराबाहेर पडल्यावर त्याच पत्त्यावर काहीही उघडत नाही. एका परिचितांच्या सांगण्यावरून राउटरमध्ये ८० आणि ५५४ या दोन पोर्टचे (जोडणीच्या क्रमांकित दारांचे) फॉरवर्डिंग केले, म्हणजे त्यांवर बाहेरून येणारी विनंती कॅमेऱ्याकडे वळवली, तरी उपयोग झाला नाही. आता कॅमेरा राउटरच्या ‘डीएमझेड’मध्ये, म्हणजे सर्वच पोर्ट त्याच्याकडे वळवणाऱ्या सोयीत टाकावा, असे ते सुचवतात. तसे करावे का?

उत्तर : तसे अजिबात करू नये, आणि केलेले फॉरवर्डिंगही आजच काढून टाकावे. बाहेरून चित्र दिसण्याचा सुरक्षित मार्ग उपलब्ध आहे, परंतु त्याआधी सध्या अडथळा नेमका कोठे येतो आहे हे समजून घेणे आवश्यक आहे.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे आपल्या कॅमेऱ्याचा जो पत्ता आहे तोच पत्ता जगातील असंख्य घरांत कोणत्या ना कोणत्या उपकरणाला मिळालेला असतो आणि घराच्या राउटरपलीकडे त्याला काही अर्थ उरत नाही. बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा पत्ता. तो पाहण्यासाठी राउटरच्या व्यवस्थापन पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या शीर्षकाखाली जो पत्ता दिला असेल तो टिपून ठेवावा, आणि आपला आयपी पत्ता सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर जो आकडा दिसतो त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही सारखे असतील तर आपल्याला सार्वजनिक पत्ता मिळालेला आहे. वेगळे असतील, आणि विशेषतः राउटरमधील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे, असे समजावे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी असल्यामुळे ही काटकसर करावी लागते आणि वरील पत्ते २०१२ मध्ये खास याच कामासाठी वेगळे काढण्यात आले. अशा जोडणीत बाहेरून येणारी विनंती आपल्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून राउटरमध्ये कितीही फॉरवर्डिंग केले तरी ते निष्फळ ठरते. डीएमझेडचीही तीच गत होते. राउटरमधील पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर कंपनीने बसवलेला मोडेम स्वतःच राउटरचे काम करत असण्याची शक्यता असते, आणि मग त्याला ‘ब्रिज’ पद्धतीवर, म्हणजे राउटरचे काम न करता जोडणी फक्त पुढे देण्याच्या पद्धतीवर, ठेवून घ्यावे लागते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : बाहेरून दिसते की नाही याची चाचणी नेहमी फोनचे वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर घ्यावी. घरातूनच स्वतःचा सार्वजनिक पत्ता उघडू पाहिल्यास अनेक राउटर ती विनंती परत आत वळवत नाहीत आणि व्यवस्थित चालणारी मांडणीही बिघडल्यासारखी वाटते.

आता डीएमझेडविषयी. फॉरवर्डिंगमध्ये ठरावीक पोर्टवर आलेली विनंतीच कॅमेऱ्याकडे जाते. डीएमझेडमध्ये मात्र कोणत्याही पोर्टवर बाहेरून आलेली, दुसऱ्या कोणत्याही उपकरणाने न मागितलेली प्रत्येक विनंती त्याच्याकडे पाठवली जाते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने याच परिस्थितीचा फायदा घेतला होता. ज्या कॅमेऱ्यांची आणि रेकॉर्डरची ‘टेलनेट’ सेवा (उपकरण दुरून आज्ञा देऊन चालवण्याची जुनी सोय) इंटरनेटवर उघडी होती त्यांच्यावर तो कारखान्यातून येणाऱ्या सुमारे ६० नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक वापरून पाहत असे, आणि अशा रीतीने ताब्यात आलेल्या उपकरणांच्या साहाय्याने त्या वर्षी २१ ऑक्टोबरला ‘डिन’ या कंपनीच्या नामसेवेवर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सेवेवर) हल्ला झाल्यावर अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पनाही नसणार. आपण उघडलेले ८० क्रमांकाचे पोर्टही निर्धोक नाही. त्यावरील संवाद सांकेतिक स्वरूपात नसतो, त्यामुळे एखाद्या सार्वजनिक वाय-फायवरून कॅमेरा उघडल्यास वाटेत कोणीही चित्र वाचू शकतो आणि अनेक कॅमेऱ्यांच्या बाबतीत पासवर्डही त्याच्या हाती लागू शकतो. कॅमेऱ्यासमोर आपले आई-वडील दिवसभर वावरत असतात, म्हणून मी याबाबत इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

माझ्या मते योग्य मार्ग असा, की कॅमेऱ्याला बाहेर आणण्याऐवजी आपल्या फोनला घराच्या नेटवर्कमध्ये आत घ्यावे. यालाच व्हीपीएन म्हणतात. पुष्कळशा नव्या राउटरमध्ये ‘वायरगार्ड’ किंवा ‘ओपनव्हीपीएन’ची सोय असते. राउटरमध्ये ती सुरू करून फोनसाठी स्वतंत्र सांकेतिक किल्ली (‘की’) तयार केली, की बाहेरून जोडणी झाल्यावर घरात उघडतो तोच कॅमेऱ्याचा पत्ता जसाच्या तसा उघडतो. वायरगार्डचा विशेष हा, की ओळखीच्या कीशिवाय आलेल्या विनंतीला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे उघडी पोर्ट शोधत फिरणाऱ्यांना तेथे काही आहे याचा सुगावा लागत नाही. यासाठी तीन तयाऱ्या कराव्यात. कॅमेऱ्याचा पत्ता बदलू नये म्हणून राउटरच्या ‘डीएचसीपी’ (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) विभागात त्याच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर, तो राखून ठेवावा. सार्वजनिक पत्ता अधूनमधून बदलत असल्यास राउटरमधील डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला नाव जोडून ठेवणारी सोय) सुरू करून एक कायमचे नाव घ्यावे. आणि आपल्या घराची १९२.१६८.१ ही मालिका शक्यतो बदलून १९२.१६८.७३ अशी एखादी क्वचित वापरली जाणारी मालिका घ्यावी, कारण आपण जेथे असाल तेथील वाय-फायही १९२.१६८.१ हीच मालिका वापरत असेल तर फोन कॅमेऱ्याला घरी न शोधता तेथेच शोधू लागतो. ही चूक सहजी सापडत नाही.

सार्वजनिक पत्ता नसेल, तर कंपनीकडे तो मागावा. काही कंपन्या वेगळे शुल्क घेऊन देतात. तो मिळत नसल्यास ‘टेलस्केल’सारखी व्हीपीएन सेवा घरातील सतत चालू राहणाऱ्या एखाद्या संगणकावर बसवता येते, कारण तिच्यात दोन्ही टोके आतून बाहेरच्या दिशेने जोडणी सुरू करतात. कॅमेरा उत्पादकाचे मोबाइल अॅपही याच तत्त्वावर चालते आणि मांडणीला सर्वांत सोपे असते, मात्र त्यात आपला विश्वास त्या कंपनीच्या सर्व्हरवर टाकावा लागतो. तो मार्ग निवडल्यास इतरत्र न वापरलेला पासवर्ड ठेवावा, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी आणि फर्मवेअर (कॅमेऱ्यातील अंगभूत प्रोग्राम) अद्ययावत ठेवावे. कोणताही मार्ग घेतला तरी राउटरमधील ‘यूपीएनपी’ (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करावे, कारण त्यामुळे कॅमेरा आपल्याला न विचारता स्वतःच पोर्ट उघडू शकतो.

कॅमेरा कोणत्या वेळी आणि कोण पाहणार आहे, हे आई-वडिलांना सांगून त्यांची संमती अवश्य घ्यावी.

प्रश्न : आमच्या जोडणीचा वेग १०० मेगाबिट आहे. तरीही बाहेरून पाहताना कॅमेऱ्याचे चित्र अडखळते. असे का होते?

उत्तर : जाहिरातीत सांगितलेला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, बाहेरून पाहताना मात्र चित्र घरातून वर पाठवले जाते, म्हणून अपलोडचा वेग मोजावा. एच.२६४ या चित्र-संक्षेप पद्धतीच्या १०८० रेषांच्या चित्राला साधारणपणे सेकंदाला २ ते ४ मेगाबिट लागतात, त्यामुळे अपलोड ५ मेगाबिट असल्यास दोन कॅमेरे एकदम पाहणे कठीण होते. बहुतेक कॅमेऱ्यांत कमी आकाराचा ‘सबस्ट्रीम’, म्हणजे चित्राचा दुय्यम प्रवाह, असतो. फोनवर तोच पाहावा आणि मुख्य प्रवाह घरातील मेमरी कार्डावर साठवावा. मोबाइल डेटाचाही विचार करावा, कारण २ मेगाबिटचा प्रवाह अखंड चालू ठेवल्यास दिवसाला सुमारे २१.६ गीगाबाइट खर्च होतात. घरातील वाय-फायवरही चित्र अडखळत असेल तर दोष इंटरनेटचा नाही. कॅमेरा राउटरच्या जवळ आणून पाहावा, किंवा त्याला सोय असल्यास केबलने जोडावा.