जीभ सुजलीय का? हनुवटीखाली सोनोग्राफीचा प्रोब ठेवून बघा

प्रश्न: डॉक्टर, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची जीभ सुजली की बाहेर येते, डोळ्यांनी दिसतंच की, मग सोनोग्राफी कशाला? (आयसीयूतले रेसिडेंट)

दातांबाहेर आलेली जीभ दिसत असेल तर प्रोब शोधत बसू नका, आधी जीभ दातात चिरडत नाहीये ना ते बघा. सोनोग्राफीचा उपयोग आहे तो मागच्या भागासाठी. तोंडात श्वासाची नळी, बाईट ब्लॉक (नळी चावू नये म्हणून दातांमध्ये ठेवलेला ठोकळा), टेप, त्यात टॉर्च मारून जिभेचं मूळ काही दिसत नाही. शिवाय रक्त पातळ करायच्या औषधांवर असलेल्या पेशंटमध्ये ही नुसती सूज आहे की आत रक्त साठलंय हेही बघायचं असतं. सुजेत जीभ सगळीकडून जाड दिसते, रक्त साठलं असेल तर एका जागी वेगळा गोळा दिसू शकतो.

प्रश्न: मोजायचं कसं, आणि नॉर्मल किती?

पोटाचा कर्व्ह्ड प्रोब घ्या, हनुवटीखाली मधोमध उभा धरा. एका बाजूला जबड्याच्या हाडाची काळी सावली, दुसऱ्या बाजूला हायॉइडची (जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडाची), मधे जीभ, आणि तिच्या वरच्या कडेला हवेमुळे पांढरी चकचकीत रेघ. कातडीपासून त्या रेघेपर्यंतचं सगळ्यात जास्त अंतर मोजा. जेल भरपूर लावा आणि दाबू नका, दाबलं की आकडा कमी येतो. नळीमुळे रेघ तुटत असेल तर प्रोब जरासा बाजूला सरकवा. अंगावर पाणी चढलेल्या पेशंटच्या हनुवटीखालची कातडीच सुजलेली असते, तीही मोजमापात धरली जाते, म्हणून मी जिभेखालच्या स्नायूपासूनचं अंतर वेगळं लिहून ठेवतो. ६.१ सेंमीचा आकडा तुम्ही वाचला असेल, पण तो इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी टाकणं) अवघड जाईल का याच्या अंदाजासाठीचा आहे, सुजेचा कटऑफ म्हणून वापरू नका. पहिल्या दिवशी मोजा, मग रोज त्याच पोझिशनमध्ये मोजा, आकडा वाढतोय का ते बघायचं, बस्स.

प्रश्न: पालथं ठेवलं की जीभ का सुजते? आम्ही काय करावं? (स्टाफ नर्स)

मान वाकते, शिरांतलं रक्त नीट परत जात नाही, त्यात नळीचा एकाच जागी दाब, आणि हे सलग १६-१६ तास. नळीची बाजू बदलत राहा, बाईट ब्लॉक जीभ दाबतोय का बघा, उताणं केल्यावर डोक्याकडची बाजू ३० अंश वर ठेवा, बाहेर आलेली जीभ ओल्या गॉझने झाका. आणि औषधांचा चार्ट बघा, बीपीसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, ती सूज ब्रॅडिकायनिन या शरीरातल्या रसायनाची असू शकते, आणि तशी असेल तर ॲव्हिल (ॲलर्जीचं औषध) किंवा स्टिरॉइडने सहसा उतरत नाही.

प्रश्न: कफ लीक (नळीचा फुगा सोडल्यावर नळीच्या बाजूने येणारी हवा) चांगला आलाय पण जीभ जाड दिसतेय, ट्यूब काढू का?

इथेच लोक फसतात. कफ लीक सांगतो स्वरयंत्राजवळ नळीभोवती जागा आहे का ते, जिभेचं तो काहीच सांगत नाही, कारण नळी आत असेपर्यंत तिनेच रस्ता उघडा धरलेला असतो, नळी निघाली की जाड जीभ मागे पडून घसा बंद करू शकते. आणि परत नळी टाकायची वेळ आली तर लॅरिंगोस्कोप (नळी टाकताना घसा बघायचं उपकरण) शिरायलाच जागा नाही. त्यामुळे आकडा चढता असेल तर मी थांबतो, उतरायला लागला की काढतो, तेही दिवसा, ॲनेस्थेटिस्ट (भूलतज्ज्ञ) बेडजवळ आणि ट्रॅकिओस्टोमीचा (गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी घालायचा) सेट उघडून. बरेच दिवस उतरतच नसेल तर सरळ ट्रॅकिओस्टोमीचं बोला, नातेवाईकांशीही तेव्हाच.