सुईआधी बोक्याची साखर 110 आली, तर इन्सुलिन द्यायचं का?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं : इंदिरानगरात राहता, बोका नऊ वर्षांचा, त्याला मधुमेह आहे, ग्लार्जिन हे इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ एकेक युनिट चालू आहे. गेल्या आठवड्यात कोरडं खाणं बंद करून त्याला ओल्या खाण्यावर आणलंत. आज सकाळी सुईआधी मीटरवर 110 आले. सुई द्यायची का? शिवाय कानातून रक्त नीट येत नाही.

110 वर सुई देऊ नका. त्याला नेहमीसारखं खायला घाला आणि लगेच डॉक्टरांना फोन लावा. एखादा डोस हुकला तर साखर चढेल, तो पाणी जास्त पिईल, एवढंच. साखर फार उतरली तर मात्र काही तासांत जिवावर बेतू शकतं.

हा आकडा खाणं बदलल्यामुळे आलेला असू शकतो. कोरड्या खाण्यात पिठूळ पदार्थ बरेच असतात, ते थांबले की इन्सुलिनची गरज झपाट्याने कमी होते. काही मांजरांचं इन्सुलिन पुढे पूर्ण सुटतंही, म्हणून मला हा आकडा आशेचा वाटतो. पण जुना डोस तसाच चालू राहिला तर धोका नेमका याच दिवसांत असतो. डोस कमी करायचा का आणि किती, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. किती साखरेखाली सुई द्यायची नाही, तो आकडाही त्यांच्याकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. आणि माणसांच्या मीटरवर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दिसते. मीटर सारखा बदलू नका, पण ‘मीटर कमीच दाखवतो’ म्हणून सुईही देऊ नका.

आता कान. नाशिकच्या थंडीत कान गार पडतात, मग रक्त येणार कुठून? स्वच्छ मोज्यात मूठभर तांदूळ भरा, गाठ मारा, कोमट करा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा आणि मग कानाला अर्धा-एक मिनिट धरा. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. टोचायचं ते ती शीर आणि कड यांच्या मधल्या पट्टीत, शिरेत नाही. मागून कापसाची घडी धरा, म्हणजे बोटाला टोचणार नाही. व्हॅसलीनचा अगदी पुसट हात फिरवला की थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो. स्पिरिट किंवा पाणी लावलं असेल तर कान पूर्ण वाळू द्या, नाहीतर आकडा चुकतो. टोचून झालं की जागा थोडा वेळ दाबून धरा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. चार दिवसांत तो मीटर दिसताच स्वतः येऊन बसेल.

तुम्ही विचारलं नाही, पण सिरिंज आजच तपासा. मेडिकलमध्ये बहुतेक वेळा लाल टोपणाची सिरिंज हातात देतात, ती 40 च्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या इन्सुलिनची. ग्लार्जिन सहसा 100 चं असतं, त्याला केशरी टोपणाची लागते. 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत ओढलं तर एक नाही, अडीच युनिट जातं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मिळाली तर उत्तम.

सुई देताना औषध केसांवर सांडलं असं वाटलं तरी पुन्हा टोचू नका. आत किती गेलं ते कळत नाही.

घरात मध ठेवा. साखर उतरून बोका लडखडला, मान टाकली, नजर हरवल्यासारखी झाली, तर हिरड्यांना मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा. आचके येत असतील तर तोंडात बोट घालू नका, घशात काही ओतू नका, ओठाच्या कडेला बाहेरूनच लावा. साखर जास्त असताना खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, तरी रात्र काढू नका. तेव्हा रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे घातक पदार्थ) वाढलेले असू शकतात आणि घरी त्यावर इलाज नाही. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे आजच विचारून नंबर मोबाईलमध्ये टाका.

संध्याकाळच्या सुईआधीही साखर बघा. आकडा, वेळ आणि त्याने किती खाल्लं, हे वहीत लिहा. डॉक्टर डोस ठरवतील ते या नोंदींवरून.