अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधलं गुलाबी ‘रोझलँड कॉटेज’ कोणत्या शैलीचं आहे? नुसतं ‘व्हिक्टोरियन’ म्हणणं बरोबर आहे का?

ते गॉथिक रिव्हायव्हल, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक बांधणीचं पुनरुज्जीवन करणाऱ्या शैलीचं आहे. ‘व्हिक्टोरियन’वरून फक्त काळ (ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाचा) कळतो, आणि त्या काळात अनेक शैली नांदत होत्या. वुडस्टॉक गावातलं हे घर वास्तुविशारद जोसेफ वेल्स यांच्या आराखड्यानुसार व्यापारी हेन्री बोवेन यांच्यासाठी १८४६ साली बांधलं गेलं. ओळखायच्या खुणा:

- खूप उतार असलेली त्रिकोणी छपरं आणि त्यांच्या कडेला कोरीव लाकडी झालर
- पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या लहान काचांच्या खिडक्या
- उभ्या फळ्यांच्या भिंती, सांध्यांवर अरुंद पट्ट्या. यामुळे नजर सतत वर जाते. मला तरी हीच यातली सर्वांत देखणी युक्ती वाटते.

मात्र आतली सगळी सजावट १८४६ची समजू नका: भिंतींवरचं लिंक्रस्टा, म्हणजे उठावदार नक्षीचं जाड भिंत-आवरण, १८८०च्या दशकातलं आहे.