बियांतलं लेक्टिन आणि केसासारख्या सुया

बियांतल्या लेक्टिनचे, म्हणजे साखर धरणाऱ्या प्रथिनाचे, स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्याची रचना काढायची आहे. जेलवर एकच पट्टा दिसतो, तरी आठ महिने थेंबात बारीक सुयांसारखे स्फटिकच येतात, त्यांचे क्ष-किरणांतले ठिपकेही 7 अँगस्ट्रॉमला, म्हणजे तपशील दिसण्याआधीच, संपतात, तर आणखी एक स्क्रीन किट (चाचणीच्या तयार द्रावणांचा संच) मागवू का, असं तुम्ही विचारलंय. नका मागवू. आधी प्रथिनाकडे परत जा.

जेल वजनापलीकडे फारसं सांगत नाही. एकाच बीमध्ये त्याच लेक्टिनची दोन-चार भावंडं असू शकतात, एखाद्या अमिनो आम्लाच्या फरकाची. शिवाय साखरेच्या साखळ्या प्रत्येक रेणूवर सारख्या नसतात. पट्ट्यात ती सगळी मावतात, स्फटिकाच्या रांगेत मात्र नीट बसत नाहीत. मला हे उमगायला दीड वर्ष लागलं. विद्युतभारानुसार प्रथिनं वेगळी करणाऱ्या आयन-एक्सचेंज कॉलमवर मिठाचं प्रमाण अगदी सावकाश वाढवलं, तेव्हा आलेखातल्या एका शिखराची तीन झाली. मधल्या शिखरातले स्फटिक नवव्या दिवशी दिसले, जाड, कडा धारदार. तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

लेक्टिन शेंगावर्गीय असेल तर बफरमधून ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) काढून टाका. त्याला मँगनीज आणि कॅल्शियम लागतं. धातू गेले की साखर धरणारी वळणं ढिली पडतात. कॅल्शियम घालताना फॉस्फेट बफर नको, नाहीतर मिठाचेच देखणे स्फटिक मिळतील. शंका आली तर सुई टेकवून बघा. मिठाचा स्फटिक कडक लागतो आणि कट्कन फुटतो. प्रथिनाचा मऊ असतो, चुरतो, कारण त्यात साधारण निम्मं पाणीच असतं.

क्ष-किरणांसाठी गोठवतानाही स्फटिक बिघडू शकतो, म्हणून एक तरी नमुना सामान्य तापमानाला तपासा.

फेजची, म्हणजे ठिपक्यांवरून रचना काढायला लागणाऱ्या पण थेट मोजता न येणाऱ्या माहितीची, काळजी आत्ता नको. जॅक बीन या शेंगेतल्या कॉनकॅनाव्हॅलिन ए या लेक्टिनची रचना 1972 पासून हाताशी आहे, त्या घडणीवरून मॉलेक्युलर रिप्लेसमेंट (ओळखीच्या रचनेच्या आधारे नवी काढणं) बहुधा जमेल. जीनचा क्रम नसेल तर मास स्पेक्ट्रोमेट्री (तुकड्यांची वजनं मोजून अमिनो आम्लांचा क्रम काढणं) जरूर करा. तिला नेहमीच्या पद्धतीत ल्युसिन आणि आयसोल्युसिन वेगळे दिसत नाहीत, ते इलेक्ट्रॉन-घनतेच्या 2 अँगस्ट्रॉमच्या नकाशात ओळखता येतात. उलट अस्पार्टेट आणि अस्पॅराजिन नकाशात सारखेच दिसतात, वजनात मात्र साधारण एका डाल्टनने, म्हणजे हायड्रोजनच्या एका अणूएवढे, वेगळे.

आठ महिन्यांनी खचू नका. जॅक बीनच्या युरिएज या विकराचे स्फटिक रसायनशास्त्रज्ञ सम्नर यांनी 1926 मध्ये मिळवले. रचना 2010 मध्ये मद्रास विद्यापीठातून आली, 2.05 अँगस्ट्रॉमला. तुमच्या सुया जपून ठेवा. शुद्ध केलेल्या भागात त्याच चुरून नवे स्फटिक वाढवायला बीज म्हणून टाकता येतील.